वावर मेलेल्याच्या नावावर, लेक कागदाबाहेर



आपल्या चळवळीची पहिली पिढी आता जाऊ लागली आहे. ज्यांनी वनखात्याच्या काठ्या खाल्ल्या, दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या अन् त्याच पावत्या पुढं वनहक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून लावल्या, ते बुढे लोक एकेक करून मातीआड होत आहेत. पट्टा मिळाला की लढाई जिंकली, असं आपण समजलो. पण पट्टेदार गेल्यावर पट्टा कोणाचा? सातबारावाला गेल्यावर वावर कोणाचं? हे आपण बैठकीत कधी नीट बोललो नाही. या अंकात मला तेच बोलायचं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्यात मृत्युपत्र कोणी करत नाही. बुढ्याले विचारायला गेलं तर म्हणते, "काय बावा, मले मारून टाकता काय?" म्हणून माणूस गेला की मागं कोण, हे आपल्या रीतीनं ठरतं. रीत आपली असेल तर ती पटवाऱ्याच्या टेबलावर चार पुरुषांच्या अंगठ्यानं ठरू नये. ती ग्रामसभेत ठरावी, बायकांच्या समोर ठरावी, अन् तिच्यात मेलेल्याची बायको अन् लेकी सुटू नयेत. नाहीतर सावकारानं अन् वनखात्यानं जे हिसकलं नाही, ते आपण आपल्याच हातानं घालवू.

इस्टेट केवढी, भांडण केवढं

शहरातले लोक इस्टेट म्हटलं की बंगला-गाडी समजतात. आपली इस्टेट म्हणजे काय? तीन एकर कोरडवाहू, त्यातही एक धुरा नाल्यानं खाल्लेला. जंगलातला दोन एकराचा वनपट्टा. एक बैलजोडी, नाहीतर चार बकऱ्या. घरकुलाची खोली. बँकेचं नाहीतर पोस्टाचं पासबुक. सोसायटीचं कर्ज. बुढीच्या गळ्यातली चांदी. एवढंच. पण एवढ्यावरच पाच-सात माणसांचं पोट चालतं. म्हणून ही वाटणी बंगल्याच्या वाटणीपेक्षा मोठी आहे. बंगल्यातला वारस उपाशी मरत नाही. आपल्यातली विधवा वावरातून निघाली की दुसऱ्या दिवशी मजुरीले जाते.

मूर्तिजापूर तालुक्यात फिरताना अन् तिकडं जंगलाच्या कडेच्या गावांत जाताना मला चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा, मेलेल्याचंच नाव कायम. बाप जाऊन पंधरा वर्षं झाली, सातबारावर अजून आजोबाच आहे. "आमी भाऊ-भाऊ एकच आहो, कागद कायले लागते?" असं म्हणतात. मग पीककर्ज मिळत नाही, पीकविमा अडतो, अतिवृष्टीची मदत आली तर ती मेलेल्याच्या खात्यावर.

दुसरी तऱ्हा, थोरला भाऊ एकटाच. सातबारावर त्याचं नाव अन् पुढं 'ए.कु.क.' अशी तीन अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. बाकी भावांची, मायची, बहिणींची नावं त्या तीन अक्षरांत बुडाली. पुढं कर्ज काढताना, मोबदला घेताना सही एकट्याची चालते, अन् बाकीच्यांना आपला हिस्सा आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

तिसरी तऱ्हा, विधवा गायब. पोरांची नावं लागली, माय राहिली. "माय आमच्यापाशीच तर हाये." आज आहे. उद्या सुनेशी पटलं नाही तर ती कुठं जाईल?

चौथी तऱ्हा जास्त कागदोपत्री अन् जास्त कडू. वारस म्हणून बहिणींची नावं लागतात, अन् महिन्याभरात त्यांना बंडीत नाहीतर ऑटोत बसवून दुय्यम निबंधकाकडं नेतात. हक्कसोड पत्र. एक लुगडं-चोळी, दुपारचं जेवण, अन् बहिणीचा बापाच्या वावरातला हिस्सा कायमचा संपला. कागद तिला वाचून कोणी दाखवत नाही. ती भावाचं तोंड पाहून अंगठा देते, कारण अंगठा नाही दिला तर माहेर तुटलं.

कागद न वाचल्याची किंमत

आपल्या मातीत ही गोष्ट नवी नाही. गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी, लहानपणी बाप गेल्यावर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडं वाढले. त्यांनी मामाचं वावर वाहिलं, ढोरं राखली. अन् ते वावर सावकाराच्या कर्जात गेलं. राबणारे घरचे होते, पण कागद सावकाराचा होता. पुढं बाबांनी आयुष्यभर सांगितलं की कर्ज काढू नका, लेकरं शिकवा. आपण त्यांच्या नावानं झाडू मारतो, पण कागदाचं दुखणं अजून घरात तसंच आहे. फरक एवढाच की तेव्हा समोर सावकार होता, आता पुष्कळदा आपलाच भाऊ असतो.

कायदा कोणता लागतो?

हे नीट समजून घ्या, कारण इथंच आपल्याला घोळात घेतात.

पेपरात येतं की २००५ पासून मुलीला बापाच्या जमिनीत मुलाएवढा हिस्सा आहे. ते हिंदू वारसा कायद्याचं आहे. हा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २ च्या पोटकलम २ मध्ये लिहिलं आहे की केंद्र सरकार वेगळी अधिसूचना काढत नाही तोवर हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. हिंदू विवाह कायद्यातही तशीच ओळ आहे. म्हणजे कोरकू, गोंड, आंध, कोलाम, फासेपारधी यांचा वारसा त्यांच्या त्यांच्या रीतीनं चालतो.

ही ओळ आपल्या रीतीचा मान राखायला ठेवली होती. पण तिचा वापर कसा होतो? बहीण हिस्सा मागायला गेली की भाऊ म्हणतो, "आपल्याले तो कायदा लागू नाई." अन् हक्कसोड करून घ्यायच्या वेळी तोच भाऊ इतर समाजासारखाच कागद करतो. देताना आदिवासी, घेताना हिंदू. अशी दोन तोंडं चालणार नाहीत.

सुप्रीम कोर्टात हा प्रश्न पुन्हा पुन्हा गेला आहे. आताच्या झारखंडमधल्या हो जमातीच्या बायकांसाठी १९८२ साली अर्ज झाला. निकाल १९९६ मध्ये आला. कोर्टानं रीत मोडीत काढली नाही, पण जी बाई त्या जमिनीवर जगते तिला जमिनीवरून काढता येणार नाही, असं सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात कोर्ट म्हणालं की कायदाच लागू नाही तर आम्ही मुलीला हिस्सा कसा देणार. पण केंद्र सरकारनं हा कायदा बदलण्याचा विचार करावा. मग १७ जुलै २०२५ ला छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाचा निकाल आला. नातवंडं मायच्या हिश्शासाठी भांडत होती. खालच्या कोर्टांनी त्यांना सांगितलं होतं की मुलीला हिस्सा मिळतो अशी रीत तुम्ही सिद्ध करा. सुप्रीम कोर्टानं हे उलटं केलं. बाईला हिस्सा नाही अशी रीत आहे असं कोणी म्हणत असेल तर ती त्यानं सिद्ध करावी. सिद्ध झाली नाही, तर संविधानाची समानता लागू. मायचा हिस्सा नातवंडांना मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या प्रकरणात कोर्टानं परत सांगितलं की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाहीच.

या सगळ्याचा आपल्यासाठी अर्थ काय? कायदा बाहेरून येऊन आपल्या लेकीला हिस्सा देणार नाही. पण "आमच्यात बायकांना देत नाहीत" एवढं नुसतं तोंडानं म्हणून तिला काढताही येणार नाही. मधली सगळी जागा रीतीची आहे. अन् रीत कोण सांगणार? वकील सांगणार, की थोरला भाऊ, की गाव? माझं मत, गाव सांगेल. अन् गाव म्हणजे अर्ध्या बायका.

"जमीन समाजाबाहेर जाईल"

बैठकीत हा मुद्दा येतोच. चांगले, चळवळीतले लोकही हा मुद्दा काढतात, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

लेक दुसऱ्या जातीत गेली तर जमीन बिगर आदिवासीकडं जाईल, अशी भीती आहे. भीती खोटी नाही. आपली जमीन किती गेली हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती गेली कशी? दारूत, कर्जात, इसारपावतीत, दहा वर्षांच्या ठेक्यात. ते कागद कोणी केले? ज्यांच्या नावावर वावर होतं त्यांनी, म्हणजे बहुतेक पुरुषांनी. लेकीच्या नावावर जमीन नव्हतीच, तर तिनं घालवली कशी?

दुसरं, त्यासाठी कुलूप आधीच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, गहाण, ठेका कशानंही बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. हे कुलूप भावाच्या जमिनीला आहे तसंच बहिणीच्या जमिनीलाही आहे. वनपट्टा तर कोणालाच विकता येत नाही, आदिवासीलाही नाही. मग बहिणीवरच संशय कायले?

तिसरं, आजूबाजूच्या समाजाचं एक बोलणं आपण उचललं: "लग्नात दिलं तोच तिचा हिस्सा." अरे, आपल्यात तर देज होता! मुलाकडचे मुलीच्या बापाला देत होते, कारण राबणारे हात घरातून जात होते. लेकीच्या हातांची किंमत आपल्या आजोबांना कळत होती. हुंड्याची रीत बाहेरून घेतली, हक्कसोडही बाहेरून घेतलं, अन् त्याला आता आपली परंपरा म्हणतो. घरजावई, लमझना ठेवून लेकीला माहेरीच वावर वाहायला लावण्याची चाल आपल्या जमातींत होती. पाट लावून आलेल्या बाईला घरात जागा होती. ही आपली रीत. ती नीट आठवा अन् मग बोला.

ज्यांना वाटतं की जमिनीचे तुकडे होतील, त्यांनाही सांगते. नाव लागणं म्हणजे लगेच धुरा टाकणं नाही. सामायिक नावं ठेवा. वाहणारा भाऊ वाहील, पण विकताना, गहाण टाकताना, मोबदला घेताना बहिणीची सही लागेल. सात-आठ सह्या लागल्या की एकट्याला दारूच्या भरात वावर घालवता येत नाही. म्हणून मी तर म्हणते, बहिणीचं नाव हेच वावराचं कुंपण आहे.

वनपट्ट्याचं वेगळं आहे

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४ (४) प्रत्येक पाड्यानं, बेड्यानं पाठ करून ठेवावं. त्यात चार गोष्टी आहेत. पट्टा वारसानं पुढं जातो. पट्टा विकता किंवा हस्तांतर करता येत नाही. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. अन् थेट वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडं जातो.

म्हणजे नवरा मेला तर बाईचा पट्टा मेला नाही. ती वारस होण्याआधीपासूनच मालकीण आहे. तरीही बाईला ऐकवतात, "पट्टेदार वारला, आता पट्टा रद्द." हे खोटं आहे. तुमच्या पट्ट्याचा कागद काढा, त्यावर बायकोचं नाव आहे का पाहा. काही पट्ट्यांवर ते सुटलेलं असतं. सुटलं असेल तर नवरा जिवंत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या. मेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आज एक चक्कर मारा.

वारसाचं नाव लावणं म्हणजे नवा दावा नाही. पुन्हा २००५ च्या आधीचे पुरावे देत बसायचं नाही. मृत्यूचा दाखला, जुना पट्टा, अन् वारस कोण हे सांगणारा ग्रामसभेचा ठराव जोडून उपविभागीय समितीकडं अर्ज द्या अन् पोच घ्या. ज्याचा दावा अजून लटकलेला आहे अन् दावेदार गेला, त्याच्या घरच्यांनीही ग्रामसभेत नाव नोंदवून दावा पुढं चालवावा. माणसाबरोबर दावा पुरू नका.

आपला मूर्तिजापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. या भागात ते क्षेत्र धारणी अन् चिखलदऱ्याचं. तिथं पेसा कायद्यानं ग्रामसभेला रीत जपण्याचा अन् रीतीनं तंटा मिटवण्याचा अधिकार दिला आहे. पण वनहक्क कायदा सगळीकडं आहे अन् त्यातली ग्रामसभाही सगळीकडं आहे. पेसा नाही म्हणून गप बसायचं कारण नाही.

कागदाचा रस्ता

आता रस्ता सांगते. यात वकील लागत नाही.

माणूस गेला की २१ दिवसांत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो अन् चकरा सुरू होतात. रानात, वीटभट्टीवर, ऊसतोडीवर माणूस गेला तर जिथं गेला तिथली नोंद लागते. हे विसरू नका, आपले पुष्कळ लोक बाहेरगावीच मरतात.

मग तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याकडं वारस नोंदीचा अर्ज. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच. तोंडी वर्दी दिली तरी कायद्यात चालते, पण तुम्ही लेखीच द्या अन् पोच घ्या. अर्जाला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते, प्रतिज्ञालेख अन् पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला लावा. आधी गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीत नोंद होते. मग फेरफार. त्याची नोटीस चावडीवर लागते. मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. नोटीस लागली असताना कोणाचं नाव सुटलं असेल तर तेव्हाच लेखी हरकत द्या, म्हणजे ते तक्रारीच्या नोंदवहीत जातं अन् दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. तरी नाव डावललं, तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील आहे. तीन महिने उलटून गेले म्हणून वारसाचा हक्क मरत नाही. उशीर झाला तरी अर्ज द्या.

सरकारनं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातून ती सुरू झाली अन् १ एप्रिलपासून राज्यभर गेली. चावडीवर मेलेल्या खातेदारांची यादी वाचायची अन् वारसांची नावं लावायची. चांगली गोष्ट. पण आमच्या बैठकीत विचारलं तर अजूनही हात वर होतात. ज्याच्या बापाच्या मृत्यूची नोंदच नाही, तो चावडीवर जाऊन काय दाखवणार? म्हणून मोहिमेची वाट पाहू नका. मोहीम येते अन् जाते.

६-क ची ही नोंद किती कामाची आहे, याचं एक उदाहरण देते. शेतकऱ्याला साप चावला, अंगावर वीज पडली, विहिरीत पडून गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून वारसाला २ लाख मिळतात. त्या अर्जाला सातबारा लागतो अन् ६-क ची वारस नोंदही लागते. नोंद नसेल तर पैसे तिथंच अडतात. दुसरं, तुमच्या नातवाला जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना वंशावळ जोडावी लागते. आदिवासीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे मागतात. बाप-आजोबा-पणजोबा ही साखळी महसुली कागदात सलग असली तर लेकरू शिकतं. मध्ये एक कडी तुटली तर बारावीनंतर घरी बसतं. वसतिगृहात माझ्याबरोबरच्या मुली अशाच परत गेल्या.

बँकेच्या पैशाचं थोडक्यात. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँकेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्यातून ठरतं. त्यानं ते वारसांत वाटायचे असतात. नॉमिनी नसेल तरी छोट्या रकमेला कोर्टाचा कागद लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे की वाद नसेल तर १५ लाखांपर्यंत, अन् सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, साध्या कागदपत्रांवर पैसे द्यायचे. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत. त्याहून मोठी रक्कम असेल किंवा वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागू शकतं. ते पैशासाठी असतं, जमिनीसाठी नाही. पासबुकावर १२ रुपये, २० रुपये, ४३६ रुपये अशी कपात दिसली तर विमा होता असं समजा अन् बँकेत विचारा. पैसे कापले गेले अन् घरच्यांना माहीतच नाही, असं फार होतं.

अन् कर्ज. बाप मेला की सावकार दारात येतो, "तुह्या बापानं घेतले होते." ऐका. मेलेल्यानं मागं जेवढं ठेवलं, तेवढ्यापुरतंच वारसावर कर्ज येतं. त्याच्या पुढं तुमच्या मजुरीतून, तुमच्या बैलातून ते काढता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. तेराव्याच्या आत तर कोणत्याच कागदावर देऊ नका.

भांडण कोर्टात गेलंच तर अनुसूचित जमातीच्या माणसाला अन् कोणत्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा.

ठराव घ्या

शेवटी कामाचं बोलू. येत्या ग्रामसभेत, नाहीतर पाड्याच्या बैठकीत, खालचा ठराव मांडा. शब्द तुमच्या रीतीप्रमाणं बदला, पण बायका हजर असल्याशिवाय मंजूर करू नका.

"आमच्या गावातील आदिवासी व्यक्ती मृत्युपत्र न करता मयत झाल्यास तिची हयात पत्नी किंवा पती, सर्व मुलगे व सर्व मुली (लग्न झालेल्या, न झालेल्या व सोडलेल्या) आणि आधी मयत झालेल्या मुलाची अगर मुलीची लेकरे व विधवा हे वारस समजले जातील. पाटाची पत्नी व तिची लेकरे यांना वगळले जाणार नाही. विधवा हयात असेतो तिला राहते घर व पोटापुरते वावर यातून कोणी काढणार नाही. कोणत्याही बाईचे हक्कसोड पत्र ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय व तिने स्वतः होकार दिल्याशिवाय आमच्या रीतीस धरून समजले जाणार नाही."

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कोर्टाचा निकाल नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या कोणी कोर्टात उभं राहून म्हणालं की "आमच्यात बायकांना देत नाहीत", तर गावाची रीत काय आहे याचा सह्या-अंगठ्यांसह पुरावा तुमच्यापाशी असेल. २०२५ च्या निकालानंतर अशा कागदाचं वजन वाढलं आहे.

एक वही करा. पाड्यातलं प्रत्येक घर, वावर कोणाच्या नावावर, तो जिवंत की मेलेला, वारस कोण, नोंद झाली की नाही. शिकलेल्या पोरींनी ही वही लिहावी. आठ दिवसांत होते. वही घेऊन मूर्तिजापूरच्या पुढच्या बैठकीला या. ज्यांची नोंद राहिली आहे त्यांचे अर्ज तिथंच भरू अन् सगळे मिळून पोच घ्यायला जाऊ. एकट्या विधवेला "उद्या ये" म्हणतात. पन्नास जणी गेल्या की आजच घेतात.

मेळघाटात कोरकू माणूस गेला की सिडोली करतात, सागाच्या लाकडात मुंडा कोरून त्याची आठवण ठेवतात. मेलेल्याला जागा देण्यात आपण कधी कमी पडलो नाही. पण जी बाई त्याच्या मागं त्याच वावरात निंदण करत राहिली, तिचं नाव आपण कुठं लिहिलं? ज्या जमिनीसाठी आपल्या माया मोर्च्यात पुढं चालल्या, लेकरू कडेवर घेऊन तहसीलसमोर बसल्या, त्या जमिनीच्या कागदावर त्या नसतील तर 'जल, जंगल, जमीन आमची' या घोषणेतला 'आमची' कोणाचा, हे आधी घरात ठरवा. मग बाहेर घोषणा देऊ.

जोहार.

— चळवळीची एक कार्यकर्ती, मूर्तिजापूर